स्नेल, एल गेरूज की रुडिशा? वेगवेगळ्या काळातले मध्यम पल्ल्याचे धावपटू कसे तोलायचे

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रेलियाच्या हर्ब एलियटपासून नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनपर्यंत ८०० आणि १५०० मीटरचे इतके मोठे धावपटू होऊन गेले. वेळा पाहिल्या तर आजचे बहुतेक सगळे जुन्यांच्या पुढे आहेत. मग जुन्यांना थोर म्हणायचं ते फक्त आदरापोटी का? आणि एकच नाव घ्यायचं झालं तर कोणाचं?

आधी नावं सांगून टाकतो. पुरुषांत न्यूझीलंडचा पीटर स्नेल, स्त्रियांत केनियाची फेथ किप्येगॉन. नुसत्या ८०० चं विचाराल तर केनियाचा डेव्हिड रुडिशा. आता ही नावं कशी आली ते सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाहीत त्यांना नेमकं कुठे भांडायचं ते कळेल.

वेळेवरून निकाल लावायचा म्हटलं तर काय होतं बघा. जुलै २०२५ मध्ये यूजीनला किप्येगॉन १५०० मीटर ३:४८.६८ मध्ये धावली. फिनलंडच्या पाव्हो नुर्मीचा १९२४ चा पुरुषांचा विश्वविक्रम होता ३:५२.६. दोघांना एका ट्रॅकवर उभं केलं तर ती त्याच्या पंचवीस मीटर पुढे संपवेल. म्हणून नुर्मी लहान ठरतो असं कुणी म्हणणार नाही, कारण शंभर वर्षांचं अंतर डोळ्यांना दिसतं. पण एलियट आणि इंगेब्रिग्टसेन यांची तुलना करताना आपण नेमकं हेच करतो. तिथे फरक थोडा दिसतो, म्हणून वेळ जशीच्या तशी घेतो.

सगळ्यात पहिला फरक पायाखालच्या जमिनीचा. मी ८०० आणि १५०० ची मुलं तयार करतो. आमच्याकडे सराव मुरुमाच्या ट्रॅकवर. पावसाळा संपला की रोलर फिरवायचा, चुना मारायचा आणि सुरुवात करायची. डिसेंबर उजाडेपर्यंत आतल्या लेनला वळणावर खळगे पडलेले असतात, कारण सगळे तिथूनच धावतात. पाऊल मागे रेटलं की थोडा मुरूम सरकतो आणि रेटलेल्या जोरातला काही भाग त्यातच जातो. हीच मुलं स्पर्धेसाठी बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर उतरली की ८०० मीटरला दोन-तीन सेकंद सहज कमी होतात. तयारी तीच, आठवडा तोच, बूटही तेच. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपर्यंत जगातले सगळे मोठे धावपटू अशाच जमिनीवर धावत होते. कुठे कोळशाच्या राखेचा सिंडर ट्रॅक, कुठे माती, कुठे चक्क गवत. ऑलिंपिकमध्ये सिंथेटिक ट्रॅक पहिल्यांदा आला तो मेक्सिकोला. कोच लोक सिंडर आणि सिंथेटिकमधला फरक ढोबळमानाने फेरीमागे एक सेकंद धरतात. चांगला रोलर मारलेला कोरडा सिंडर असेल तर कमी, पाऊस पडून गेला असेल तर बराच जास्त.

हा हिशेब डोक्यात ठेवून ३ फेब्रुवारी १९६२ ची शर्यत बघा. न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च, लँकेस्टर पार्क, गवताचा ट्रॅक. शर्यत होती ८८० यार्डांची, म्हणजे अर्ध्या मैलाची. स्नेलने ती १:४५.१ मध्ये संपवली आणि वाटेत ८०० मीटर १:४४.३ मध्ये पार केले. एका धावेत दोन विश्वविक्रम. आधीचा ८०० चा विक्रम बेल्जियमच्या रॉजर मून्सचा, १:४५.७. म्हणजे गवतावर धावून त्याने विक्रम १.४ सेकंदांनी खाली आणला. एकच आठवडा आधी वांगानुईला, तेही गवतावरच, त्याने मैलाचा विश्वविक्रम ३:५४.४ केला होता. आणि त्याच्या आधीच्या डिसेंबरात तो मॅरेथॉन धावला होता! आज ८०० चा धावपटू डिसेंबरात मॅरेथॉन धावतो म्हणाला तर त्याचा कोच त्याला खोलीत कोंडून ठेवेल.

त्या १:४४.३ चं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. १९६८ ला मेक्सिकोत, समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत आणि नव्या कोऱ्या सिंथेटिकवर, राल्फ डुबेलने त्याची फक्त बरोबरी केली. १९७२ मध्ये डेव्ह वॉटलनेही बरोबरीच केली. तो मोडला १९७३ मध्ये, मार्चेल्लो फियास्कोनारोने. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं सुवर्ण १:४४.६५ ला गेलं. ती शर्यत डावपेचांची होती हे मान्य, तरी गवतावरचा १:४४.३ काय चीज होता ते यावरून कळतं.

आता पेसर, म्हणजे ठरलेल्या वेगाने पुढे धावून मागच्याला ओढून नेणारा. रॉजर बॅनिस्टरचा ६ मे १९५४ चा मैल सगळ्यांना माहीत आहे. ऑक्सफर्ड, इफ्ली रोड, सिंडर ट्रॅक, ३:५९.४. पुढे आधी ख्रिस ब्रॅशर, मग ख्रिस चॅटवे. बॅनिस्टर तेव्हा डॉक्टरकीचं शिक्षण घेत होता आणि दुपारच्या सुट्टीत सराव करत होता. त्याच्या सरावाचा कणा म्हणजे पाव मैलाच्या दहा धावा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं विश्रांती. हिवाळाभर धावून या पाव मैलाची वेळ एकोणसाठ सेकंदांपर्यंत आणली होती. दिवसाचा एवढाच वेळ हातात असलेल्या माणसाने हे केलं. आज १५०० चा धावपटू आठवड्याला दहा-बारा वेळा सराव करतो, दुपारी झोपतो, फिजिओ असतो, उंचीवर कॅम्प असतात. तरी माझ्या लेखी बॅनिस्टरची मोठी शर्यत ऑक्सफर्डची नाहीच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हँकूव्हरला ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी समोर होता. लँडीने जूनमध्येच बॅनिस्टरचा विक्रम मोडलेला. तिथे पेसर कुणालाच नव्हता. लँडीने पहिल्यापासून जीव तोडून पळ काढला आणि बॅनिस्टरने शेवटच्या वळणावर त्याला गाठलं. ३:५८.८ विरुद्ध ३:५९.६. धावपटू बघायचा तो अशा शर्यतीत.

कारण पेसरच्या मागे धावणं आणि एकट्याने धावणं हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत. पुढचा माणूस वारा कापतो, त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेग ठरवायची चिंता घेतो. आता तर ट्रॅकच्या आतल्या कडेला दिवे पळतात. विश्वविक्रमाच्या गतीने हिरवा दिवा पुढे सरकतो, धावपटूने फक्त त्याच्या बरोबर राहायचं. त्यात २०२० च्या सुमारास आलेले नवे स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), हलका उसळणारा फोम आणि कडक प्लेट असलेले. या सगळ्याची मदत किती यावर तज्ज्ञांत वाद आहेत, पण मदत होते याबद्दल नाही.

मात्र म्हणून प्रत्येक नव्या वेळेला बुटांच्या खात्यात टाकायचं हेही खरं नाही. मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजचा १५०० चा विक्रम, ३:२६.००, रोममधला, १९९८ चा आहे. मैलाचा ३:४३.१३, रोमच, १९९९. दिवे नव्हते, ते बूट नव्हते. पाव शतक उलटून गेलं तरी दोन्ही उभे आहेत. आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे.

१९७६, माँट्रियल, ८०० ची अंतिम शर्यत. सगळे बोलतात क्यूबाच्या अल्बेर्तो हुआन्तोरेनाबद्दल, आणि बोलायलाच हवं, कारण त्याने ४०० आणि ८०० दोन्ही सुवर्णं जिंकली, ८०० ला १:४३.५० असा विश्वविक्रम करून. पण त्या शर्यतीत शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा सगळ्यात पुढे होता आपला श्रीराम सिंग, राजस्थानचा, लष्करातला. पहिली फेरी ५०.८५. ऑलिंपिक फायनलमध्ये पेसर नसतो. ते काम त्या दिवशी त्याने स्वतःच्या जिवावर केलं आणि हुआन्तोरेनाला हवी तशी शर्यत मिळाली. श्रीराम सातवा आला, १:४५.७७. दुसऱ्या फेरीत तो मागे पडत जातो ते बघून लोक म्हणतात, गडी उगाच पळाला. मला तसं वाटत नाही. मागे राहून तो कदाचित सहावा आला असता, पण १:४५.७७ झाला नसता. हा भारतीय विक्रम ४२ वर्षं टिकला. २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने गुवाहाटीत १:४५.६५ करून तो मोडला. या ४२ वर्षांत देशात सिंथेटिक ट्रॅक झाले, परदेशी कोच आले, खुराक आला, बूट बदलले. काळ पुढे सरकला की वेळ आपोआप कमी होते असं मानणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

थोडक्यात, मी तीन गोष्टी बघतो आणि वेळेचा नंबर त्यांच्यानंतर. एक, पेसर नसलेल्या मोठ्या शर्यतीत, हीट (प्राथमिक फेरी) आणि सेमीफायनल धावून दमलेल्या पायांनी, त्याने काय केलं. दोन, आपल्या काळातल्या पुढच्या माणसापासून तो किती लांब होता. तीन, त्याच्यात किती अंतरं होती.

दुसऱ्या कसोटीवर एलियटला तोड नाही. रोम, १९६०, १५०० ची फायनल. कोच पर्सी सेरुटीने ट्रॅकच्या कडेला येऊन टॉवेल हलवला, विश्वविक्रम आवाक्यात आहे हे सांगायला. एलियट तोवर एकटाच पुढे होता. ३:३५.६, स्वतःचाच विक्रम मोडून. दुसऱ्या आलेल्या मिशेल झाझीला ३:३८.४ लागले. २.८ सेकंद म्हणजे वीस मीटर. ऑलिंपिकच्या १५०० मध्ये वीस मीटरचा फरक! पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्यांवर चढून चढून तयार झालेला हा गडी मैल आणि १५०० मध्ये मोठा झाल्यावर एकदाही हरला नाही. मग त्याला पहिला का नाही म्हणत? बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी त्याने धावणं सोडलं. त्याच्यावर दुसऱ्या ऑलिंपिकचं ओझं कधी आलंच नाही.

स्नेलवर ते आलं. रोमला एकवीस वर्षांचा स्नेल ८०० मध्ये कुणाच्या गणतीत नव्हता. विश्वविक्रमवीर मून्स पुढे होता आणि शेवटच्या काही पावलांत स्नेल आतून निसटला, १:४६.३ विरुद्ध १:४६.५. ऑकलंडचा कोच आर्थर लिडियार्ड, त्याच्या हाताखालचा स्नेल. लिडियार्ड ८०० च्या धावपटूकडूनही आठवड्याला शंभर मैल धावून घ्यायचा, वाइटारुआच्या डोंगरातली बावीस मैलांची फेरी दर रविवारी. त्याच दिवशी त्याचाच दुसरा शिष्य मरे हॅलबर्ग ५००० मीटर जिंकला.

चार वर्षांनी टोकियोला स्नेलने ८०० आणि १५०० दोन्हींत उतरायचं ठरवलं. आठ दिवसांत सहा शर्यती, सिंडरवर. ८०० ची फायनल १६ ऑक्टोबरला, १:४५.१, ऑलिंपिक विक्रम. दुसऱ्याच दिवशी १५०० ची हीट. फायनल २१ तारखेला. ती शर्यत जमलं तर व्हिडिओवर बघा. शेवटच्या वळणाआधी तो घोळक्यात अडकलेला असतो. हाताने बाजूच्याला खूण करून तो बाहेर येतो आणि मग पन्नास मीटरांत विषय संपतो. खांदे हलत नाहीत, पावलाची लांबी वाढते फक्त. मागचे सगळे पदकासाठी झुंजत असतात, त्यांच्यात आणि त्याच्यात दीड सेकंद. ३:३८.१ ही वेळ आज कुणाच्या लक्षातही राहणार नाही. पण सहाव्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, असा पाय उचलायला रविवारच्या त्या बावीस मैलांची शिदोरी लागते. माझ्या मुलांना ८०० साठी लांब धावायला सांगितलं की ती तोंड वाकडं करतात. मी त्यांना हीच शर्यत दाखवतो. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये एकाही पुरुषाला ८०० आणि १५०० एकत्र जिंकता आलेले नाहीत.

स्नेलच्या दाव्यात एक खरी कच्ची जागा आहे. केनिया आणि इथिओपिया ऑलिंपिकमध्ये आले तेच १९५६ ला. स्नेलच्या काळात पूर्व आफ्रिका नुकती कुठे धावायला लागली होती. केनियाचा किप केइनो टोकियोला होता, पण तो केइनो अजून घडायचा होता. चार वर्षांनी मेक्सिकोत त्याने १५०० मध्ये अमेरिकेच्या जिम रायनला जवळजवळ तीन सेकंदांनी मागे टाकलं. रायन म्हणजे ३:३३.१ चा विश्वविक्रमवीर, वीस-एकवीस वर्षांचा, आणि उंचीवर फुप्फुसं साथ देईनात. त्यामुळे ‘स्नेलसमोर होतं कोण’ असं कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. फक्त एवढंच म्हणतो की समोर जे होते त्यांच्यात आणि त्याच्यात अंतर बघा, आणि ते दोन ऑलिंपिकमध्ये, दोन अंतरांत बघा. शिवाय समोर सगळे नसण्याची झळ, बहिष्कारांमुळे, नंतरच्यांनाही लागलीच आहे. १९७४ ला क्राइस्टचर्चमध्ये टांझानियाच्या फिलबर्ट बायीने १५०० मध्ये पहिल्या पावलापासून पुढे राहून ३:३२.२ केले, न्यूझीलंडचा जॉन वॉकर ३:३२.५ ने मागोमाग. १९७६ ला आफ्रिकेचा बहिष्कार झाला, वॉकर जिंकला, आणि ती लढत कायमची राहून गेली.

ब्रिटनच्या सेबॅस्टियन को आणि स्टीव्ह ओव्हेट या जोडीबद्दल लोक फार हळवे असतात. सेबॅस्टियन कोने १९७९ मध्ये ४१ दिवसांत ८००, मैल आणि १५०० असे तीन विश्वविक्रम केले. १९८१ चा त्याचा ८०० चा १:४१.७३ सोळा वर्षं टिकला. ऑलिंपिकचं १५०० सलग दोनदा जिंकणारा पुरुष तो एकटाच. पण १९८१ च्या ऑगस्टमध्ये मैलाचा विक्रम नऊ दिवसांत तीनदा या दोघांमध्ये फिरला तो झ्युरिक, कोब्लेन्झ आणि ब्रसेल्स अशा वेगवेगळ्या गावांत. एकमेकांसमोर ते फार थोड्या वेळा उभे राहिले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकला राहिले तेव्हा ओव्हेटने को याच्या हक्काचं ८०० घेतलं आणि को याने ओव्हेटच्या हक्काचं १५००. ही दोघं दर उन्हाळ्यात चार वेळा भिडली असती तर कदाचित आज मी वेगळं उत्तर दिलं असतं.

एल गेरूज मला स्नेलच्या सगळ्यात जवळ वाटतो. चार जागतिक विजेतेपदं, दोन अभेद्य विक्रम. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये शेवटच्या फेरीच्या तोंडावर अल्जीरियाच्या नूरेद्दीन मोर्सेलीच्या पायाला अडखळून पडला. २००० ला सिडनीत केनियाच्या नोआ एन्गेनीने हरवलं, तोच एन्गेनी जो रोमच्या विक्रमी मैलात त्याच्या मागे ३:४३.४० ने आला होता. पेसर गेले की एल गेरूज थोडा उघडा पडायचा, हे माझं मत आहे. पण अथेन्सला, २००४ मध्ये, त्याने १५०० मध्ये बर्नार्ड लगातला सेकंदाच्या बारा शतांशांनी हरवलं आणि चार दिवसांनी केनेनिसा बेकेलेला मागे टाकून ५००० ही जिंकले. १५०० आणि ५००० असा जोड त्याआधी साधला होता नुर्मीने, १९२४ ला पॅरिसमध्ये, एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने.

रुडिशाचं वेगळं. लंडन, ९ ऑगस्ट २०१२. पेसर नाही, दिवे नाहीत, पहिल्या पावलापासून पुढे. पहिली फेरी ४९.२८, शेवट १:४०.९१. ऑलिंपिक फायनलमध्ये विश्वविक्रम आणि तोही स्वतःच ओढत. शेवटचा आलेला अँड्र्यू ओसागी १:४३.७७ धावला. त्या वेळेने त्याने आधीच्या तिन्ही ऑलिंपिकची सुवर्णं घेतली असती. पेसरशिवायची शर्यत आणि शुद्ध वेळ या दोन्ही कसोट्या एकाच धावेत पुऱ्या झाल्याचं मला दुसरं उदाहरण ठाऊक नाही. पण तो ८०० पुरताच राहिला.

स्त्रियांची तुलना करताना आधी अन्याय मोजावा लागतो. १९२८ ला ८०० झालं, बायका कोसळल्या म्हणून वर्तमानपत्रांनी फुगवून लिहिलं आणि ते अंतर थेट १९६० पर्यंत बंद. १५०० तर १९७२ ला आलं. त्यात ८० च्या दशकातल्या वेळांवर पूर्व युरोपातल्या डोपिंगची सावली आहे. पूर्व जर्मनीचा सरकारी कार्यक्रम तर कागदपत्रांनिशी उघड झाला. चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्रातोख्विलोवाचा ८०० चा १:५३.२८ हा १९८३ पासून उभा आहे, ती कधी चाचणीत दोषी ठरलेली नाही. तरी त्या दशकातल्या कुणाच्याच वेळेवरून मी आजच्या मुलींना जोखत नाही. किप्येगॉनला त्याची गरजही नाही. २०१६ ला रिओत १५०० ची शर्यत रेंगाळली, ४:०८.९२, ती जिंकली. २०२४ ला पॅरिसमध्ये शर्यत भन्नाट झाली, ३:५१.२९, तीच जिंकली. मध्ये २०२१ चं टोकियो. आणि रिओ ते टोकियोच्या दरम्यान २०१८ मध्ये मुलीला जन्म दिला. १५०० मध्ये तीन ऑलिंपिक सुवर्णं तिच्याशिवाय कुणाकडेच नाहीत, ना स्त्रियांत ना पुरुषांत. ७ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये तिने ३:४९.०४ चा विक्रम केला, त्याच संध्याकाळी त्याच ट्रॅकवर आपल्या बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसमध्ये (३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत) ८:०९.९१ असा भारतीय विक्रम केला.

राहिला इंगेब्रिग्टसेन. २०२१ च्या टोकियोचं १५०० आणि २०२४ च्या पॅरिसचं ५००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं, १५०० ला ३:२६.७३, ३००० ला ७:१७.५५. वेळा आणि अंतरं या दोन कसोट्यांवर तो कुणाच्याही पंक्तीत बसेल. पण खुल्या मैदानातल्या जागतिक स्पर्धेत १५०० चं सुवर्ण अजून नाही. २०२२ ला ब्रिटनच्या जेक वाइटमनने, २०२३ ला ब्रिटनच्याच जोश कर याने त्याला शेवटच्या दोनशेत गाठलं. पॅरिसच्या १५०० मध्ये त्याने पहिल्यापासून जबरदस्त वेग लावला, आणि कोल हॉकर, जोश कर, यारेड नुगूसे असे तिघे त्याच्या मागे वारा वाचवत आले आणि पुढे गेले. तो चौथा, ३:२८.२४. ती वेळ एल गेरूजच्या अथेन्सच्या सुवर्णापेक्षा जवळजवळ सहा सेकंदांनी चांगली आहे. त्याने आता पुढे राहून मारायचं सोडून स्नेलसारखं घोळक्यात थांबायला शिकावं, असं मला कोच म्हणून वाटतं. त्याचं वय अजून आहे, आणि शेवटच्या दोनशे मीटरचा वेग शिकवता येतो.